माउलीच्या चेहऱ्यावरचा ओला रंग

जतनकामाचा अहवाल, पान नऊ: "चेहऱ्यावरील मूळ रंगावर संरक्षक लेप देण्यात आला आहे."

*

उंबरआळीच्या नाक्यावरचा फलक: रविवारी माउलीचा सण, सर्वांनी अगत्याने यावे. खाली माउलीचा फोटो. गुलाबी गाल, टपोरे उघडे डोळे.

*

"बोंबील घे गो संजना. पापलेटाच्या नादाला लागू नको. पापलेट आता फोटोतच बघायचं."

*

सूक्ष्मदर्शकाखालचा नमुना, डावा गाल. एकूण थर त्रेचाळीस. प्रत्येक थराखाली पिवळट रेघ. शेरा: मळ, मेणबत्त्यांचा धूर.

*

खोक्याला चिकटवलेला पुठ्ठा, लाल शाई: पाणी लावू नये. ओल्या फडक्याने पुसू नये. हार घालू नये.

*

फादर रॉबर्ट यांचा निरोप, गुरुवार, सकाळी सहा पन्नास: ताई, आहात तशा या. फोटो पाठवत नाही.

सगळ्यात वरचा थर

अश्लेषा सावर्डेकर बोळिंजहून रिक्षाने निघाली तेव्हा तिने केसही बांधले नव्हते. गासच्या अलीकडे उंबरआळीचं चॅपेल, एका वेळी फार तर दोनशे माणसं मावतील एवढं. दार उघडं होतं आणि आत तिघं उभी होती: फादर रॉबर्ट, चॅपेलच्या कमिटीचे प्रमुख जयवंत तुस्कानो, आणि वेदीवरची फुलं, वस्त्रं नि दाराची किल्ली सांभाळणारी संजना डाबरे. तिघांपैकी कोणीही वेदीकडे बघत नव्हतं.

अश्लेषाने बघितलं.

सागवानी लाकडाची साडेतीन फुटी माउली, तीनशे वर्षांची. गेले आठ महिने ती बोळिंजच्या सातव्या मजल्यावर, अश्लेषाच्या मागच्या खोलीत राहिली होती. चेहऱ्यावर साचलेली ऑइलपेंटची पुटं अश्लेषाने रोज नखाएवढी अशी काढली, तेव्हा त्याखालून मूळ चेहरा निघाला होता. फिकट, लांबट, डोळे खाली झुकलेले, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा.

तो चेहरा आता नव्हता. गाल गुलाबी होते, डोळे टपोरे आणि उघडे. नाक्यावरच्या फलकावर होते अगदी तसे.

"मी आत्ता पडदा वर केला," फादर म्हणाले. सण जवळ आला की माउलीच्या तोंडावर पांढरं वस्त्र घालतात, ते रविवारीच निघायचं. "ऐनवेळी घाई नको म्हणून एकदा बघून घेऊ म्हटलं. तर हे."

अश्लेषा स्टुलावर चढली. करंगळीचं टोक हनुवटीला लावलं. बोट चिकटलं.

"ओला आहे," ती म्हणाली, आणि मग तिच्या तोंडून ते निघून गेलं, जे पुढचे दोन दिवस तिला खात राहणार होतं. "हा रंग बारा-पंधरा तासांत सुकतो. म्हणजे काल संध्याकाळी लावलाय."

"काल संध्याकाळी सहाला कुलूप लागलं," जयवंत म्हणाले. "सकाळी सहाला निघालं. किल्ली एकच."

त्यांनी तळहात पुढे केला. संजनाने पदराच्या गाठीतून किल्ली सोडवली आणि त्यांच्या हातावर ठेवली. एकोणीस वर्षं ती त्या गाठीत होती. पदर रिकामा झाल्यावर तिला तो कुठे खोचावा तेही सुचेना.

"काढता येईल ना?" फादरनी विचारलं. "तुमचा तो लेप आहे म्हणजे खालचा चेहरा सुरक्षित असेल."

"हो," अश्लेषा म्हणाली.

लेप नव्हता. पावसाळी हवेत लेप पांढरट पडतो, म्हणून तिने चेहरा शेवटी ठेवला होता. उघडीप मिळाली की देऊ. उघडीप मिळाली नाही. अहवाल मात्र वेळेवर द्यायचा होता.

त्याखालचा

आता सगळं या एका गोष्टीवर येऊन ठेपलं होतं. ऑइलपेंट पक्का झाला की तो खालच्या उघड्या रंगाला धरून बसणार. मग तो काढताना तीनशे वर्षांचा चेहराही त्याच कापसावर निघून येणार. तो चेहरा दुसरीकडे कुठेही नव्हता. अश्लेषाच्या अंदाजाने शनिवार संध्याकाळपर्यंत वेळ होता. आणि कसला रंग, किती पातळ केलेला, नेमका कधी लावलेला हे कळल्याशिवाय कापूस टेकवायची तिची हिंमत नव्हती. ते एकच माणूस सांगू शकत होतं: ज्याने लावला तो.

तिने तिघांना वेगवेगळं गाठलं.

जयवंत, चॅपेलच्या पायरीवर:

"फलकावर जुना चेहरा तुम्ही छापलात. नवा फोटो मी पाठवला होता."

"मॅडम, तुमचा फोटो मी घरी दाखवला. बायको म्हणाली, ही कोण? चाळीस वर्षं जिच्यापुढे गुडघे टेकले तिला बायको ओळखेना. लोकांनी पण विचारलं असतं, माउली बदलून आणली काय?"

"म्हणजे जुनाच चेहरा परत हवा होता तुम्हाला."

"हवा होता. तसं मी कमिटीत उभं राहून बोललो, तेही दोनदा. लपून रंग फासायचा असता तर एवढं बोललो असतो?" ते थांबले. "आणि मला साधं कुंपण रंगवता येत नाही. गेल्या वर्षी गेट रंगवलं, अजून लोक हसतात."

फादर रॉबर्ट, वेदीमागच्या खोलीत:

"माझ्यावर संशय घ्या, ताई. घ्यायलाच हवा. पण तो मूळ चेहरा बाहेर यावा म्हणून कमिटीशी मीच भांडलो. कोणीतरी तीनशे वर्षांपूर्वी जीव ओतून देवाला दिलेली वस्तू. तिच्यावर कुणीही होड्यांचा रंग थापायचा?"

"होड्यांचा?"

"वास तसा येतो. माझं बालपण समुद्राजवळ गेलं."

संजना, फुलांच्या बादलीपाशी:

"कोणी आलं होतं?"

"नाही मॅडम."

"तुम्ही कोणाला किल्ली दिली होती?"

"नाही."

"मूर्तीला कोणी हात लावला?"

संजना शेवंतीचे देठ कापत होती. सगळे सारख्या लांबीचे कापून झाले होते तरी ती कापत राहिली. "तुम्ही पुठ्ठ्यावर लिहिलं होतंत ना," ती म्हणाली.

हे उत्तर नव्हतं.

त्याच्याही खालचा

दुपारी अश्लेषा पुन्हा स्टुलावर चढली, भिंग घेऊन. पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. बोट लावलं. अजून चिकट. बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की सकाळपेक्षा कमी चिकट आहे.

गालाच्या कडेला रंगाचा एक ओघळ होता. बारीक, तांदळाएवढा.

ती बघतच राहिली.

उभ्या मूर्तीचा गाल रंगवला तर ओघळ हनुवटीकडे जातो. हा कानाकडे गेला होता. दुसऱ्या गालावरचाही कानाकडेच. कपाळावरचा एक थेंब भुवईवर न येता केसांत शिरला होता.

रंग लावला तेव्हा माउली उताणी निजलेली होती.

आणि सोमवारी सकाळी चार गड्यांनी तिला उचलून वेदीवर चढवलं होतं, तळाचे चार नट आवळले होते. पाना अश्लेषाच्याच हातात होता. बुधवारी संध्याकाळी एकटी संजना तिला आडवी करून परत उभी करणार? तिला शेवंतीची बादलीसुद्धा दोन हातांनी उचलावी लागते.

म्हणजे रंग सोमवारच्या आधीचा. खोका आला शुक्रवारी आणि वेदीमागच्या खोलीतल्या टेबलावर आडवा होता. शुक्रवार ते सोमवार. सोमवारी त्या पडद्याआड हाच चेहरा होता आणि ती हातभर अंतरावर उभी राहून नट आवळत होती.

पण मग निदान तीन दिवस होऊन गेलेला रंग ओला कसा?

रेघा

शुक्रवारी सकाळी तिने कापसाची काडी घेतली. टर्पेंटाइन नाही, काही नाही, कोरडीच. कानामागे, जिथे मूळ रंग आधीच उडालेला होता तिथे, ओघळाच्या टोकाखाली ती हळूच सरकवली. साय सरकावी तसा रंग सरकला. काडी तेलकट झाली. तिने ती नाकाशी नेली.

खोबरेल.

कुठलाही रंगारी तेलावर रंग लावत नाही. तेलावर रंग बसत नाही, सुकत नाही, महिनाभर चिकचिकत राहतो. हे रंगाऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. मग होडीचा रंग वापरणारा माणूस आधी खोबरेल का चोळेल?

ती तिथेच, पहिल्या बाकावर, मोबाइलमधला त्या जुन्या नमुन्याचा फोटो काढून बसली. त्रेचाळीस थर, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे. एकेका थराची जाडी जवळजवळ सारखी, रंग सारखा, आणि मधे त्या पिवळट रेघा. आठ महिन्यांपूर्वी तिने शेरा मारला होता: मळ, धूर. धूर काळा असतो. धूर इतका सारखा बसत नाही.

त्रेचाळीस रेघा तेलाच्या होत्या. आधी तेल, मग रंग. परत तेल, परत रंग.

तिच्या कामाचा सूड घ्यायला कोणीच आलं नव्हतं. जे आलं होतं ते दर वर्षी येत होतं. ती आठ महिने मळ समजून जे खरवडत होती ते कोणीतरी त्रेचाळीस वेळा आणून दिलेलं होतं.

तिने मोबाइल बाकावर पालथा ठेवला.

आता प्रश्न बदलायला हवा होता. यंदा कोण आलं होतं हे तिने सगळ्यांना विचारलं होतं. दर वर्षी कोण येतं, हे कोणालाच नाही.

आंघोळ

संजना घरी होती. दारात अश्लेषाला बघून तिने आधी पदर सारखा केला.

"संजनाताई, सणाच्या आधी दर वर्षी माउलीपाशी कोण येतं?"

संजनाने मागचं दार ओढून घेतलं. मग ओट्यावर बसली.

"रंभामावशी," ती म्हणाली. "राजोडीची. मासे घेऊन येते ती. तिचा मुलगा चंद्रहास मागून येतो. माउलीला आंघोळ घालायला."

"आंघोळ?"

"सणाच्या आधी खाली उतरवून निजवतात, तेव्हा. मी दार लावून बाहेर उभी राहते. आंघोळ बघायची नसते. माझ्या आधी फ्लोरीमावशीकडे किल्ली होती, ती पण बाहेरच उभी राहायची. आत काय करतात, मला खरंच माहीत नाही मॅडम. आंघोळ झाली की माउली उजळते, एवढंच. दर वर्षीच उजळते."

"यंदा कधी?"

"शनिवारी दुपारी. तुम्ही लाल शाईत लिहिलं होतंत, मी वाचलं. पण मावशी दारात येऊन उभी राहिल्यावर तिला काय पुठ्ठा दाखवू?"

"काल हे का नाही सांगितलंत? किल्ली गेली तुमची."

"किल्ली माझी एकटीची गेली," संजना म्हणाली. "सांगितलं असतं तर मावशीचं येणं गेलं असतं. कमिटी म्हणाली असती, राजोडीचे कोळी, ते पण हिंदू, त्यांचं आपल्या माउलीपाशी काय काम? आमच्या पुरुषांना हे माहीतच नाही."

राजोडी

दुरुस्तीला वर ओढलेल्या होडीच्या सावलीत चाळिशीचा एक माणूस रॉकेलने हात पुसत होता. शेजारी रिकाम्या पाटीवर त्याची आई बसली होती.

"माउलीला रंग तुम्ही लावलात?" अश्लेषाने विचारलं. रिक्षात तिने चार वेगवेगळी वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आठवलं नाही.

"लावला की," चंद्रहास म्हणाला. "तुम्ही त्या बोळिंजच्या बाई ना? आठ महिने घेऊन गेलात. केवढी उतरली होती तोंडाने. आईला म्हटलं, परक्या घरी जेवली नाय वाटतं."

"तो तिचा मूळ चेहरा होता. तीनशे वर्षांपूर्वीचा."

"असंल. माझा पन शाळेतला फोटो हाय घरी. तो तोंडाला लावून फिरत नाय मी."

रंभा हसली. "बस बाय. उन्हात उभी नको राहू."

अश्लेषा वाळूत बसली. "तिचे डोळे खाली झुकलेले होते. तुम्ही उघडे का काढता?"

"मिटून बसली तर आमच्याकडं कोन बघनार?"

"आणि रंगाआधी तेल?"

"ते आई लावते," चंद्रहास म्हणाला.

"तेल लावल्याबिगर कोनाला आंघोळ घालतेस तू?" रंभाने विचारलं. "आधी तेल, मग कोमट पानी, मग कोरडं पुसायचं. मग हा रंगवतो. आधी ह्याचा बाप रंगवायचा."

"पण मावशी, तेलावर रंग टिकत नाही."

"टिकत नाय म्हनून तर दर वर्साला जायला लागतं," चंद्रहास म्हणाला.

ती त्याच्या हातांकडे बघत होती. मग तिने सांगून टाकलं. त्रेचाळीस थर होते. तिने सगळे काढले. मळ समजून.

चंद्रहासचा पुसता हात थांबला. "बाबांचे पन?"

"सगळे."

तो होडीकडे तोंड करून उभा राहिला. रंभाने पाटीवरूनच मान वर केली.

"हार दुसऱ्या दिवशी काढतातच ना बाय. म्हनून आदल्या दिवशी कोनी घालायचं राहतं काय? दिलं ते दिलं. मागून त्याचं काय झालं, ते धुंडत नाय बसायचं."

"पहिल्यांदा का दिलं, मावशी? चॅपेल तुमचं नाही, देव तुमचा नाही."

"ते तिचं नि माझं," रंभा म्हणाली आणि पाटी उचलली.

खालून पहिला

शनिवारी दुपारी चारला वेदीपाशी सगळे होते. रंभा दाराशीच थांबली होती. फादरनी खुर्ची पुढे सरकवली तेव्हा आत येऊन बसली.

अश्लेषाने ओघळ दाखवले: कानाकडे गेलेले, म्हणजे मूर्ती आडवी. आडवी होती सोमवारपर्यंतच. काडीवरचं खोबरेल दाखवलं. रंग ओला होता तो ताजा म्हणून नव्हे, तेलावर होता म्हणून. "बुधवार संध्याकाळ मी सांगितली. ती चुकीची होती. माझ्या एका वाक्यावर संजनाताईंची किल्ली गेली." मग मोबाइलवर त्रेचाळीस रेघा दाखवल्या आणि त्या कोणाच्या ते सांगितलं.

जयवंतांनी रंभाकडे बघितलं, चंद्रहासकडे बघितलं. "चार दशकं? आणि कमिटीला पत्ता नाही?"

"कमिटी आंघोळीला कधी आली?" संजना म्हणाली. तिच्या तोंडून असं काही निघेल असं तिलाही वाटलं नसावं.

"मग यात गुन्हेगार कोण?" जयवंत म्हणाले.

"मी," अश्लेषा म्हणाली. "फादर, चेहऱ्यावर लेप नव्हता. अहवालात मी खोटं लिहिलं. साधा ऑइलपेंट पडला असता तर खालचा चेहरा गेला असता. मी जे केलं नाही, ते यांच्या तेलानं केलं. त्रेचाळीस थरांखाली तो इतका धड कसा राहिला, याचं मला आठ महिने कौतुक वाटत होतं. मला वाटायचं, माझाच हात हलका."

फादर रॉबर्टनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला. "अहवाल बदलून द्या," ते म्हणाले. "आणि आत्ता दाखवा. निघतो का?"

तिने कापूस हनुवटीशी टेकवला आणि फिरवला. गुलाबी रंग सालासारखा सुटून आला. खाली बोटभर जागेत तो फिकट रंग होता, ओठाच्या कडेसह, जसाच्या तसा.

कोणाचा तरी श्वास सुटल्याचा आवाज आला. कदाचित तिचाच.

"सगळं काढा मग," जयवंत म्हणाले. मग स्वतःच वेदीकडे बघत राहिले. "नाही म्हणजे... सण उद्या आहे. लोक येतील ते कोणाला बघायला येतील?"

"फादर सांगतील ते," चंद्रहास म्हणाला. "पुसलंत तरी पुढच्या वर्साला मी येनार. रंग उरतोच होड्यांचा."

फादर अश्लेषाकडे बघत होते. तीनशे वर्षांचा चेहरा हवा म्हणून कमिटीशी भांडलेला माणूस. त्यांना काय हवंय ते तिला ठाऊक होतं. कापूस तिच्या हातात होता आणि अर्ध्या तासाचं काम होतं.

तिने कापूस खाली ठेवला.

"सोमवारी," ती म्हणाली. "सोमवारी काढते, आणि लेप देते, खरा. त्यावर दर वर्षी यांनी रंगवावं. खाली काही होणार नाही."

"आणि हे?" फादरनी हनुवटीवरच्या उघड्या जागेकडे बोट दाखवलं. "उद्या हे असंच दिसणार?"

अश्लेषाने आपला सगळ्यात बारीक कुंचला चंद्रहासपुढे धरला. त्याने तो बोटांत फिरवून बघितला.

"ही काय मांजराची मिशी," तो म्हणाला आणि खिशातून स्वतःचा, केस झडलेला, काढला. रंभा उठली. पिशवीतून बाटली काढून तिने तळहातावर तेल घेतलं. जयवंतांनी किल्ली संजनाच्या हातात दिली आणि बाकीचे पुरुष बाहेर जायला वळले.

संजनाही निघाली. अश्लेषा स्टुलावरून उतरू लागली.

"तू थांब," रंभा म्हणाली. "बत्ती कोन धरनार?"

अश्लेषाने मोबाइलची बत्ती लावली आणि धरली. दार बाहेरून लागलं.

*

१९८२ साली, सणाच्या बारा दिवस आधी, राजोडीहून निघालेली एक होडी तीन रात्री परतली नाही. होडीत सात जण होते. चौथ्या दिवशी सातही जण किनाऱ्याला लागले. त्यांतल्या सगळ्यात लहान खलाशाचं रंभाशी लग्न होऊन तेव्हा चार महिने झाले होते.